बाबांच्या आवाजाची बेगमी

आमच्या घरचा कॉम्प्युटर कधी बंद पडेल, असं कोणाला वाटलंच नव्हतं. नाहूरच्या या फ्लॅटमध्ये आम्ही राहायला आलो तेव्हापासून तो हॉलच्या खिडकीशेजारी बसलेला. आईने त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणलेलं. मिक्सर बिघडतो, गिझर बिघडतो, माणसं तर बिघडतातच. पण हा आपला गुणी. मग एका रविवारी दुपारी तो सुरू करताना आतून सुपारी कातरल्यासारखा आवाज आला, आणि पडद्यावर एक पिवळी पाटी झळकली : डिस्क जुनी झाली आहे, आतलं सामान दुसरीकडे ठेवून घ्या.

मी पाटी दोनदा वाचली. माझी ऑफिसची कामं, आईचे शुगरचे रिपोर्ट, कोणाकोणाच्या लग्नाचे फोटो, हे सगळं गेलं असतं तरी मी दोन दिवस चिडचिड करून गप्प बसले असते. पण त्यात 'बाबा' नावाचा एक फोल्डर होता, आणि त्या फोल्डरात बाबांचा आवाज होता.

बाबांना आता आवाज नाही. घशाच्या आजारात डॉक्टरांनी त्यांचं स्वरयंत्र काढून टाकलं. माणूस वाचला आणि आवाज गेला, असा तो सौदा होता, आणि बाबांनी मान हलवून तो मान्य केला होता. आता ते ओठ हलवतात, हात हलवतात, आणि अगदीच कोणी लक्ष दिलं नाही तर टाळी वाजवतात. आवाज मात्र असा होता म्हणून सांगू! गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात बोलून कमावलेला. गिरणी बंद झाली, बाबा दुसऱ्या नोकऱ्या करत राहिले, आम्ही लालबागच्या खोलीतून इकडे आलो, पण आवाज खाली आला नाही. गावच्या काकाशी फोनवर बोलायचे तर असे, की फोन नसता तरी काकाला ऐकू गेलं असतं.

आणि बाबा गाऱ्हाणं घालायचे. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगते. पूजा आटोपली की घरातला जाणता माणूस देवासमोर उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलतो. काय चुकलं ते पोटात घाल, याला नोकरी दे, तिला बरं कर. एकेक मागणं झालं की मागे उभी असलेली सगळी माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतात. ते कुठे लिहिलेलं नसतं. दरवर्षी नवीन असतं, कारण दरवर्षी घराची दुखणी नवीन असतात. बाबांचं गाऱ्हाणं ऐकायला आमच्या मजल्यावरची माणसं चपला काढून दारात उभी राहायची. मी फोनवर ते रेकॉर्ड करायची, कधी काकाशी चाललेलं बोलणंही, फोन भरला की कॉम्प्युटरवर टाकायची, आणि फोनमधून पुसून टाकायची. म्हणजे बाबांचा आवाज जगात फक्त एका ठिकाणी होता, आणि ते ठिकाण आता सुपारी कातरत होतं.

त्याच दिवशी मी एक बाहेरची डिस्क मागवली. साबणाच्या वडीएवढी. आता तिच्यावर सामान नेऊन ठेवणारं सॉफ्टवेअर निवडायचं होतं, आणि तिथे माझी खरी परीक्षा सुरू झाली.

माझा स्वभाव असा की मला गोड बोलणारं कोणी चालत नाही. दुकानदार 'ताई' म्हणाला की मी पिशवी घट्ट धरते. ही सॉफ्टवेअरं तर एकजात गोड. 'तुमच्या आठवणी आमच्याकडे सुरक्षित', 'तुम्ही निवांत झोपा', आणि खाली हसणारं एक कुटुंब, ज्यांच्या घरात एकही वस्तू जागेवरून हललेली नव्हती. स्थळं बघावीत तशी मी ती रोज संध्याकाळी बघत बसले. एकाला सगळं सामान इंटरनेटवरून कुठेतरी दूर पाठवायचं होतं. आमच्या बिल्डिंगचं नेट चहा उकळेपर्यंतसुद्धा टिकत नाही, त्यामुळे तो बाद. एकाने आधी माझीच खोदून खोदून चौकशी केली. तोही बाद. मग एक सापडलं, देखणं, फुकट, चटपटीत. इकडे जे असेल ते तिकडे हुबेहूब ठेवायचं, आणि काम झालं की हिरवी खूण. मला ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी अंधेरीच्या ऑफिसात शेजारच्या टेबलवरच्या मैत्रिणीला मी कौतुकाने दाखवलं.

तिने डबा खाता खाता एकच प्रश्न विचारला. "चुकून डिलीट केलंस तर?"

"तर काय? तिकडे असेलच ना."

"कसं असेल? तुझ्याकडे गेलं की त्याच्याकडचं पण जाणार. अगं यार, तो आरसा आहे नुसता. तू कपाळावरची टिकली काढलीस तर आरशातली राहील का? वाट लागेल तुझी!"

संध्याकाळी घरी येऊन मी बघितलं, तर तसंच होतं. एक नको असलेला फोटो पुसला, आणि त्या देखण्या सॉफ्टवेअरने डिस्कवरचाही तत्परतेने पुसून वर हिरवी खूण केली. इतका आज्ञाधारक मला नकोच होता. मला हवा होता हट्टी. मी फेकून दे म्हटलं तरी 'राहू दे, लागेल' म्हणणारा, घराघरात एक म्हातारं माणूस असतं तसा.

तो मला शेवटी सापडला, आणि दिसायला अगदी ओबडधोबड निघाला. करड्या रंगाची खिडकी, बारीक अक्षर, हसणारं कुटुंब नाही. सुरुवातीलाच त्याने बजावलं : पासवर्ड विसरलात तर तुमचं सामान कोणीही उघडू शकणार नाही, आम्हीसुद्धा नाही. एवढं स्पष्ट बोलणारा माणूस मला आयुष्यात फार भेटला नाही. आणि त्याची रीत अशी होती, की रोज तो घराचं त्या दिवशीचं रूप ठेवायचा. आज काढून टाकलेलं त्याच्या कालच्या रूपात तसंच असायचं. मी लगेच होकार दिला.

पासवर्डचा प्रश्न होता. कोणाला तरी सांगून ठेवायला हवा. आईला सांगितला असता तर तो बोलता बोलता काकूपर्यंत, आणि काकूकडून गावच्या वाडीपर्यंत गेला असता. मी बाबांना सांगितला. त्यांनी तो कान देऊन ऐकला आणि छातीवर हात ठेवला. मग ओठावर बोट ठेवून असे हसले की मलाही हसू आवरेना.

पहिल्या दिवशी सगळं सामान जायला संपूर्ण दुपार लागली. मी समोर बसून राहिले होते. बसायची काही गरज नव्हती, पण उठवेना. पडद्यावर एकेका फाईलचं नाव यायचं आणि जायचं. रेशनकार्ड, मावशीची साठी, माझा पहिला बायोडेटा, बाबांचा स्कॅन, बाबांच्या ऑपरेशनआधीचे कागद. आमच्या घराची इतकी वर्षं ओळीने चालली होती, आणि कोणालाही पुढचं-मागचं नव्हतं. आनंदाच्या फाईलीला जेवढा वेळ तेवढाच दुःखाच्या. मला भरून आलं. इतकं सगळं आपण जगलो आणि ते या टेबलावर बसलं होतं, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मात्र त्याने काम चुटकीसरशी संपवलं. मला संशय आला. आमच्याकडे भांडी घासायचं काम इतक्यात आटोपलं तर आई ताट उलटं करून बघते. मी मैत्रिणीला फोन केला, थोडं वाचलं, आणि जे कळलं त्याने मी थक्क झाले. ते सॉफ्टवेअर प्रत्येक फाईलचे तुकडे करतं. प्रत्येक तुकड्यात काय आहे त्यावरून त्याची एक खूण काढतं, अंगठ्याच्या ठशासारखी. दुसऱ्या दिवशी ते फक्त ठसे बघतं. ओळखीचा असेल तर पुढे, नवा असेल तेवढाच उचलायचा. एकच फोटो चार ठिकाणी असला तरी तुकडे एकदाच ठेवायचे, आणि चारी ठिकाणी त्याची आठवण ठेवायची. कोणाच्या डोक्यातून हे निघालं असेल? त्या माणसाला किंवा बाईला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

मग कुतूहलाने मी डिस्क उघडून बघितली आणि घाबरले. आत काहीच ओळखीचं नव्हतं. 'बाबा' नावाचा फोल्डर नाही, गाऱ्हाणं नाही, रेशनकार्ड नाही. अक्षरं आणि आकडे यांची नुसती भेसळ. बाबांचा आवाज या चुऱ्यात कुठेतरी होता म्हणे, काकाला मारलेली हाक एका तुकड्यात आणि त्या हाकेचं शेपूट दुसऱ्यात. मी ती डिस्क हातात घेऊन बसले. वजन काही वाढलं नव्हतं. विश्वास ठेवायचा तर यावर ठेवायचा, आणि पर्याय नव्हता.

आईला मात्र हे सगळं ताबडतोब समजलं. "म्हणजे बेगमी," ती म्हणाली. "कोकमा, सुकी मासळी, तांदूळ. एक बरणी खाली, बाकीचा माळ्यार." मी म्हटलं, हो, तसंच. आणि तिथेच घोळ झाला, पण तो मला नंतर कळला.

गणपती जवळ आले. आमच्याकडे गणपतीच्या आधी घर खरवडून काढतात. डबे घासायचे, पडदे धुवायचे, माळा रिकामा करून पुन्हा भरायचा. लालबागच्या खोलीत सात माणसं राहायची, तिथे कुठलीही वस्तू दोन ठिकाणी ठेवण्याची चैन नव्हती. ट्रंकेत गेलं की खालची जागा मोकळी करायची, हा आईच्या अंगात मुरलेला नियम. बाबांच्या ऑपरेशननंतर ती कॉम्प्युटर शिकली होती, व्हिडिओ कॉल करायची, भजनं लावायची. मी ऑफिसात असताना तिने पंखे पुसले, देव्हारा पुसला, आणि मग पदर खोचून कॉम्प्युटरही आवरला.

मला कळलं शनिवारी. बाबांची हाक ऐकावीशी वाटली म्हणून फोल्डर उघडायला गेले, तर तो जागेवर नव्हता.

"आई, इथलं बाबांचं काय झालं?"

"ता मी काढलंय," आई स्वयंपाकघरातून म्हणाली, अगदी सहज. "तू ठेवलंस ना ता डिस्कार? मगे हय कित्याक जागा अडवून ठेवूची?"

"आणि कचऱ्याच्या डब्यातून? तिथून पण?"

"कचरो घरात ठेवून गणपती हाडूचो? तो तर पयलोच रिकामो केलंय."

मी तिच्यावर ओरडले. काय काय बोलले ते आता आठवायला नको. आई दारात येऊन उभी राहिली, हात पिठाचे, आणि माझ्या तोंडाकडे बघता बघता तिला समजलं की काय झालं असावं. तिचा चेहरा एवढा उतरला की मी मधेच थांबले. आरडाओरडा ऐकून बाबा गॅलरीतून आत आले. मी त्यांना सांगितलं. त्यांनी आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले.

आता सगळं त्या हट्टी सॉफ्टवेअरवर होतं. इतके दिवस ते सामान नेत होतं. परत आणून देतं की नाही, हे मी एकदाही बघितलं नव्हतं. मी डिस्क लावली. पासवर्ड टाकला, चुकला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. नेमकं मधलं अक्षर डोक्यातून उडालं होतं. बाबांनी माझा हात हलकेच बाजूला केला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, तो पासवर्ड टाकला. कुलूप उघडलं.

समोर तारखांची यादी आली. आमचं घर, परवाचं. आमचं घर, त्याच्या आधीचं. मी आईच्या साफसफाईच्या आधीचा एक दिवस उघडला, आणि तिथे 'बाबा' फोल्डर होता, जणू कोणी त्याला हात लावलाच नव्हता. मला खरंच काटा आला. गेलेला दिवस कोणाला परत मिळतो? आम्ही त्या दिवसानंतर जेवलो होतो, भांडलो होतो, पडदे धुतले होते, आणि तो दिवस मात्र तिथे तसाच थांबला होता, माझ्यासाठी दार लोटून ठेवून. मी 'परत आणा' वर बोट दाबलं. तो सगळा चुरा आपापल्या जागी येऊन बसू लागला, फाईलींची नावं एकामागून एक उगवू लागली.

नावं आली म्हणजे आवाज आला असं नाही. मी गाऱ्हाण्याची फाईल सुरू करायला गेले तर बाबांनी माझं मनगट धरलं आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या मखराकडे बोट दाखवलं. देव आलेला नसताना गाऱ्हाणं कोणाला घालणार? मी दुसरी फाईल लावली, काकाला केलेल्या फोनची.

"अरे मेल्या, आयकतंस काय?" हॉल दणाणला. "आंबो मोहरलो काय रे? बोल मोठ्यान!"

"हळू बोला हो," आई मागून म्हणाली. "शेजारी काय म्हणतले?"

म्हणाली, आणि तोंडावर पिठाचा हात ठेवून मटकन खाली बसली. किती वर्षांची सवय ती, आवाज आला की दटावायची. ती रडत होती आणि बाबा हसत होते, खांदे हलवत, आवाज न करता. मी मधे बसून दोन्ही करत होते.

चतुर्थीला मूर्ती आली, पूजा झाली, आरत्या झाल्या. गेल्या वर्षी या वेळी आम्ही तिघं नुसते हात जोडून उभे राहिलो होतो. गाऱ्हाणं घालणारं कोणी नव्हतं, आणि ती शांतता कोणालाच सहन झाली नव्हती. या वर्षी बाबा मूर्तीच्या बाजूला जाऊन उभे राहिले, आमच्याकडे तोंड करून, आणि त्यांनी मला खूण केली. मी ऑपरेशनच्या आधीच्या वर्षीचं गाऱ्हाणं लावलं.

"बा गणपती म्हाराजा, आज जी काय वेडीवाकडी सेवा आमच्या हातसून घडली आसा, ती गोड मानून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आई आणि मी म्हणालो. दारात शेजारीण येऊन उभी राहिली होती, तीही म्हणाली.

मागणी पुढे चालली. आईच्या गुडघ्यांचं झालं, गावच्या घराच्या कौलांचं झालं. माझी पाळी येणार हे मला माहीत होतं. वर्षानुवर्षं बाबा लेकीसाठी एकच मागायचे, चांगला नवरा. 'ह्या चेडवाक चांगलो घोव मिळांदे,' आणि मी दात-ओठ खात 'व्हय म्हाराजा' म्हणायची. ऑपरेशनआधीच्या या रेकॉर्डिंगमध्ये मात्र त्यांनी ते मागणं बदललं होतं. तेव्हा ते देवाकडे तोंड करून बोलत होते आणि मी मागे फोन धरून उभी होते. मला त्यांची पाठ दिसत होती, आणि नंतर आम्ही दोघंही त्याबद्दल कधी बोललो नाही.

आता त्यांचं तोंड माझ्याकडे होतं. मी बघितलं तर त्यांचे ओठ हलत होते. ते ऐकून म्हणत नव्हते. त्यांचे ओठ आवाजाच्या अर्धा शब्द पुढे होते. आधी ते बोलत होते आणि आवाज त्यांच्या मागोमाग येत होता.

"ह्या माझ्या चेडवाच्या मनात जा काय आसा, ता तिच्या मनासारख्या घडान येवंदे रे म्हाराजा."

कॉम्प्युटर माझ्या पाठीमागे होता. मी बाबांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "व्हय म्हाराजा."